पेनड्राइव्हवर कॉपी झाली, पण बॅकअप झाला का?

ताई, तुमचा प्रश्न मी असा समजलो. वडिलांचा २०१४ सालचा लॅपटॉप आता फारच संथ झालाय. त्यात त्यांनी श्रीलिपीत (मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर) टाइप केलेला घराण्याचा इतिहास आहे, स्कॅन केलेली जुनी पत्रं आणि फोटो आहेत, बँकेचे आणि सोसायटीचे कागद आहेत. सगळं मिळून साधारण ४० जीबी. तुम्ही ६४ जीबीचा पेनड्राइव्ह आणून सगळं त्यावर कॉपी केलंत आणि येत्या रविवारी लॅपटॉप फॉरमॅट करून भाच्याला द्यायचं ठरवलंय. पेनड्राइव्ह किती वर्षं टिकतो आणि कुठल्या कंपनीचा चांगला, हे तुम्हाला हवंय.

दोन्हीची उत्तरं देतो. पण आधी एक कळकळीची विनंती: रविवारचं फॉरमॅट पुढे ढकला. महिनाभर उशीर झाला तरी भाच्याचं काही बिघडणार नाही.

मी पुण्यात गेली बावीस वर्षं कॉम्प्युटर दुरुस्तीचं आणि गेलेला डेटा परत काढून देण्याचं काम करतोय. माझ्याकडे रडवेल्या चेहऱ्याने येणाऱ्या माणसांपैकी बऱ्याच जणांनी ‘बॅकअप’ घेतलेला असतो. फाइली कॉपी केलेल्या असतात, पेनड्राइव्ह खिशात असतो, आणि त्याच भरवशावर मूळ मशीन पुसलेलं असतं. तुमचा प्रश्न पेनड्राइव्हचा दिसतो, पण खरा धोका त्या फॉरमॅटमध्ये आहे. आज तुमच्याकडे वडिलांच्या कामाच्या दोन प्रती आहेत, एक लॅपटॉपवर आणि एक पेनड्राइव्हवर. रविवारी संध्याकाळी एकच उरेल, तीही नखाएवढ्या चिपवर. याला बॅकअप म्हणता येत नाही. हे सामान एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हलवणं झालं.

आता ‘किती वर्षं टिकतो’ याबद्दल. पेनड्राइव्हमध्ये फिरणारा भाग नसतो. आत फ्लॅश मेमरीची चिप असते आणि तिच्या अतिसूक्ष्म कप्प्यांमध्ये विद्युतभार अडकवून माहिती ठेवलेली असते. हा भार वर्षानुवर्षं तसाच राहत नाही, हळूहळू गळतो. उष्णतेत जास्त लवकर गळतो, आणि कप्पा जितका वापरून झिजलेला तितका जास्त गळतो. आज मिळणाऱ्या साध्या पेनड्राइव्हमध्ये एकेका कप्प्यात तीन-तीन, कधी चार-चार बिट कोंबलेले असतात. म्हणून जागा स्वस्त मिळते, पण भार थोडा जरी हलला तरी वाचताना चूक होते. असा कप्पा लिहून-पुसून झिजायला काहीशे ते हजारभर फेऱ्या लागतात. घरगुती वापरात तुम्ही तिथवर पोचणारच नाही, त्यामुळे ‘जास्त वापरला म्हणून गेला’ हे कारण मला क्वचित दिसतं.

जातो तो वेगळ्याच कारणांनी. लॅपटॉपला लावलेला असताना कोणाचा तरी हात लागतो, टोक वाकतं आणि आतला टाका सुटतो. किंवा चिपचा कारभार बघणारा कंट्रोलर बंद पडतो. किंवा एप्रिल-मे महिन्यात पेनड्राइव्ह गाडीच्या डॅशबोर्डवर राहतो. आठ वर्षं कपाटात पडून राहिलेला पेनड्राइव्ह लावल्याबरोबर सुरू झालेला मी पाहिलाय. दोन वर्षांत, एकदाही न पडता, मेलेलाही पाहिलाय. म्हणून वर्षांचा आकडा मी देत नाही. तो वापरावर, तापमानावर, आत कुठली चिप घातलीय यावर अवलंबून असतो, आणि चिप कुठली हे पाकिटावर लिहिलेलं नसतं.

त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे पेनड्राइव्ह आधी कळू देत नाही. हार्ड डिस्क बऱ्याचदा आधी कुरकुरते, फाइल उघडायला वेळ लावते, मधेच अडकते, आणि जाणत्या माणसाला सावध व्हायला सवड मिळते. पेनड्राइव्ह काल चालतो आणि आज ‘डिस्क घाला’ असा संदेश येतो. मग तो माझ्या टेबलावर येतो. हल्लीच्या छोट्या पेनड्राइव्हमध्ये मेमरी आणि कंट्रोलर मिळून एकच काळी पट्टी असते. तिच्यावरचा लेप सूक्ष्मदर्शकाखाली खरवडायचा, आतले बारीक बिंदू उघडे करायचे, केसाहून बारीक तारा जोडायच्या आणि तिथून माहिती वाचायची. कंट्रोलरने ती आधी एका ठरावीक पद्धतीने विस्कटून ठेवलेली असते, तीही परत लावावी लागते. जमतं कधी, कधी नाही. नाही जमलं की समोरच्या माणसाला ते सांगणं हा माझ्या कामातला सगळ्यात जड भाग आहे. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून एवढं लांबण लावतोय.

कंपनीचं म्हणाल तर नाव सांगण्यात अर्थ नाही. नावाजलेल्या कंपन्यांपैकी कुठलीही घ्या, पक्क्या बिलावर घ्या, आणि घेतल्यावर तपासा. तपासायचं ते बनावट मालासाठी. तुमचा पेनड्राइव्ह तपकीर गल्लीत घेतलेला असो की ऑनलाइन मागवलेला, हे कुठेही होऊ शकतं. बनावट पेनड्राइव्हमध्ये खरी जागा समजा ८ जीबी असते, पण कंट्रोलरला ‘६४ सांग’ असं शिकवलेलं असतं. विंडोज त्याच्यावर विश्वास ठेवते. तुम्ही ४० जीबी टाकता, काही तक्रार येत नाही, फोल्डर दिसतात, फाइलींची नावं दिसतात, आकारही बरोबर दिसतो. पण पहिल्या आठच्या पुढचं कुठे लिहिलंच गेलेलं नसतं, किंवा आधीच्यावरच लिहिलं गेलेलं असतं. फाइल उघडायला गेलात की मगच कळतं. ‘एचटूटेस्टडब्ल्यू’ नावाचं छोटं मोफत सॉफ्टवेअर पूर्ण पेनड्राइव्ह भरून परत वाचून बघतं (लिनक्सवर आणि मॅकवर त्यासाठी ‘एफथ्री’ आहे). ही तपासणी रिकाम्या पेनड्राइव्हवर करायची असते, त्यामुळे तुम्हाला तो आधी मोकळा करून, तपासून, मग परत कॉपी करावी लागेल. लॅपटॉप अजून शाबूत आहे तोवर हे बिनधास्त करता येतं. आणि ६४ च्या पेनड्राइव्हवर विंडोजने ५९ जीबीच्या आसपास दाखवलं तर घाबरू नका. कंपनी १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते, विंडोज १०७ कोटींहून थोडे जास्त धरते. फरक फक्त मोजणीचा आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कॉपी झाली म्हणजे नक्की काय झालं, हे कसं ओळखायचं?

काही वर्षांपूर्वी एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे आले होते. घरचा कॉम्प्युटर एका ओळखीच्या मुलाकडून फॉरमॅट करून घेतला होता. त्याआधी डेस्कटॉपवरचे सगळे फोल्डर स्वतः, एकेक करून, पेनड्राइव्हवर घेतले होते. पेनड्राइव्ह लावला. अकरा फोल्डर, नावं बरोबर: ‘कविता’, ‘पेन्शन’, ‘सहल’. पण प्रत्येकाच्या कोपऱ्यात छोटा वाकडा बाण होता आणि आकार होता १ केबी, २ केबी. ते शॉर्टकट होते. खरे फोल्डर डी ड्राइव्हमध्ये होते, आणि डी ड्राइव्ह पुसला गेला होता. त्यावर नवीन विंडोज आणि सॉफ्टवेअर बसलेलं असल्यामुळे मला अर्ध्याहून कमी परत काढता आलं. सरांनी मन लावून, एकही फोल्डर न चुकवता कॉपी केलेली होती. फक्त ती दुसऱ्या मशीनवर कोणी उघडून पाहिली नव्हती.

म्हणून माझी व्याख्या सरळ आहे. दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून पाहिलेली प्रत तेवढीच मी प्रत मानतो. त्याच लॅपटॉपवर उघडून पाहून उपयोग नाही, कारण शॉर्टकट तिथे व्यवस्थित चालतो आणि फसवतो.

आणि तुमच्या बाबतीत तर दुसरं मशीन फारच गरजेचं आहे, कारण वडिलांचं लेखन श्रीलिपीत आहे. बहुतेक लोकांच्या हे लक्षातच येत नाही. युनिकोड (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरलेला संकेत देणारी आजची पद्धत) घरोघर पोचण्याआधीचे मराठी फॉन्ट असे बनवलेले होते की फाइलीत प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे संकेत साठवले जातात आणि त्या जागी मराठी अक्षराचं चित्र दाखवण्याचं काम फॉन्ट करतो. फॉन्ट असेल तर ‘आमच्या घराण्याचे मूळ पुरुष’ असं दिसेल. फॉन्ट नसेल तर तीच ओळ इंग्रजी अक्षरं, डॉलर, कंस असल्या गिचमिडीसारखी दिसेल. फाइल शंभर टक्के सुरक्षित, आणि तरी वाचता येत नाही. लॅपटॉप फॉरमॅट झाला की फॉन्ट त्याच्याबरोबर जातात, आणि नेमकी तीच आवृत्ती दहा-पंधरा वर्षांनी शोधणं सोपं नसतं.

तेव्हा आत्ताच सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरातला ‘फॉन्ट्स’ हा पूर्ण फोल्डर कॉपी करून घ्या. श्रीलिपीची सीडी किंवा सेटअप घरात असेल तर तोही घ्या. जुन्या काही आवृत्त्यांना यूएसबीत लावायचं हार्डवेअर लॉक लागायचं. वडिलांच्या ड्रॉवरमध्ये तसलं काही सापडलं तर जुनापुराणा पेनड्राइव्ह समजून फेकू नका. आणि सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे वडिलांचं प्रत्येक प्रकरण त्यांच्याच लॅपटॉपवरून पीडीएफ करा. नीट केलेल्या पीडीएफमध्ये फॉन्ट आतच बांधला जातो, ती कुठल्याही मशीनवर, मोबाइलवर तशीच्या तशी दिसते. युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधनं मिळतात, तेही सवडीने जरूर करा म्हणजे मजकूर शोधता येईल. पण रूपांतरात जोडाक्षरं आणि रफार हमखास इकडेतिकडे होतात, म्हणून मूळ फाइल आणि पीडीएफ दोन्ही राहू द्या.

तपासताना वडिलांना शेजारी बसवा. काय काय असायला हवं हे फक्त त्यांना माहीत आहे. आधी लॅपटॉपवरच्या फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये फाइलींची संख्या आणि आकार बघा, मग पेनड्राइव्हवरच्या फोल्डरचं तेच बघा. संख्या जुळली पाहिजे आणि बाइटमधला आकारही जुळला पाहिजे. त्याच्याखालचा ‘साइझ ऑन डिस्क’ हा आकडा जुळला नाही तरी चालतो. मग पेनड्राइव्ह दुसऱ्या मशीनला लावून प्रत्येक फोल्डरातल्या सुरुवातीच्या, मधल्या आणि शेवटच्या काही फाइली खरोखर उघडा. स्कॅन आणि फोटो मोठे करून, शेवटच्या कडेपर्यंत बघा. अर्धवट कॉपी झालेला फोटो वरून ठीक दिसतो आणि खाली करडा पट्टा असतो. ज्यांना आणखी खात्री हवी त्यांनी ‘सेव्हनझिप’च्या राइट क्लिक मेन्यूतून दोन्हीकडच्या फोल्डरचा एसएचए-२५६ (फाइलींच्या मजकुरावरून काढलेला, बोटाच्या ठशासारखा आकडा) काढून ताडून पाहावा. दोन्ही आकडे सारखे आले तर एक बिटही बदललेलं नाही असं धरून चाला.

सुटून जाणाऱ्या जागा ठरलेल्या असतात: डाउनलोड्स, दुसऱ्या यूजरच्या नावाने केलेलं काम, डी ड्राइव्ह, स्कॅनरच्या सॉफ्टवेअरने स्वतःच बनवलेला फोल्डर, आउटलुकची पीएसटी फाइल (तिच्यात ईमेल साठवलेले असतात). वनड्राइव्ह (मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन साठवण) चालू असेल तर आणखी एक बघा. फाइलीशेजारी ढगाचं चिन्ह असेल तर ती फाइल लॅपटॉपवर नाहीच, नुसतं नाव आहे. इंटरनेट चालू ठेवून आधी ती खाली उतरवून घ्या आणि मग कॉपी करा.

कॉपी मधेच ‘फाइल फार मोठी आहे’ म्हणून थांबली तर दोष फाइलीत नसतो. पेनड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीने तयार केलेला असतो, आणि त्यात एका फाइलीची कमाल मर्यादा ४ जीबी आहे. लग्नाचा व्हिडिओ तिथे हमखास अडतो. रिकामा असतानाच एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करून घ्या. मात्र फॅट-३२ काय आणि एक्सफॅट काय, लिहिताना मधेच उपटला तर सावरायची सोय दोन्हीत नाही. विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून पेनड्राइव्ह लगेच काढता येईल अशीच व्यवस्था मुळात ठेवलेली असते, तरी मी आजही ‘सेफली रिमूव्ह’ केल्याशिवाय काढत नाही. दिवा लुकलुकत असेल तर थांबा.

बॅकअपचा पेनड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानात न्यायचा नाही, हेही घरात सगळ्यांना सांगून ठेवा. अप्पा बळवंत चौकात असो की कॉलेजच्या दारात, त्या मशीनला दिवसभर शेकडो पेनड्राइव्ह लागतात, आणि एखाद्यातून आलेला शॉर्टकट व्हायरस पुढच्या सगळ्यांना मिळतो. तो फोल्डर लपवतो आणि त्यांच्या जागी शॉर्टकट ठेवतो. असं झालंच तर घाबरून फॉरमॅट करू नका, फाइली बहुतेक वेळा आतच लपलेल्या असतात. प्रिंटसाठी वेगळा, छोटा, रिकामा पेनड्राइव्ह ठेवा. बॅकअपचा पेनड्राइव्ह घरच्या मशीनलाही कायम लावून ठेवू नका. खंडणी मागणारा व्हायरस आला तर जोडलेलं सगळं तो कुलूपबंद करतो.

आता एक कळीची गोष्ट: दोन प्रती एकाच घरात ठेवू नका. पुण्यात हे वेगळं पटवून द्यायला नको. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांमधल्या घरांत काय काय वाहून गेलं हे आपण मोठ्यांकडून ऐकलंय. अगदी अलीकडे, २५ जुलै २०२४ ला, सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत लोकांच्या घरांत पाणी शिरलं. त्यानंतरच्या आठवड्यात माझ्याकडे ओल्या डिस्क आल्या. एका बाईंचा लॅपटॉप आणि त्याचा बॅकअप दोन्ही एकाच लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात होते. त्यांनी बॅकअप घेतला होता, तपासलाही होता. फक्त जागा एकच होती. तेव्हा एक प्रत बहिणीकडे, भावाकडे, शक्यतो दुसऱ्या भागात किंवा दुसऱ्या गावात ठेवा. वडिलांच्या लेखनाच्या मूळ फाइली आणि पीडीएफ मिळून फार तर काहीशे एमबी होतील. तेवढं गूगल ड्राइव्हच्या मोफत १५ जीबीत सहज बसतं. ते आजच टाका. स्कॅन आणि फोटो त्यात मावणार नाहीत, ते डिस्कवरच राहू देत.

कुलुपाबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. बँकेचे कागद, आधार, पॅन यांचा फोल्डर सेव्हनझिपमध्ये पासवर्ड घालून ठेवा, कारण पेनड्राइव्ह पीएमपीच्या बसमध्ये पडूही शकतो. पण घराण्याचा इतिहास, पत्रं, फोटो यांना पासवर्ड घालू नका. वीस वर्षांनी भाच्याच्या मुलांना ते उघडायचं असेल आणि तेव्हा पासवर्ड कोणाच्याही लक्षात नसेल. अशा कुलूपबंद फाइली घेऊन लोक येतात. त्यात मला काहीही करता येत नाही.

हे सगळं झाल्यावर मग लॅपटॉपचं काय? इथे तुम्हाला एक चांगली बातमी देतो. २०१४ चा लॅपटॉप आहे म्हणजे आत बहुधा अडीच इंची साटा हार्ड डिस्क असणार (मॉडेल बघून दुकानदार दोन मिनिटांत सांगेल). तसं असेल तर फॉरमॅटची गरजच नाही. ती डिस्क काढून घ्या, तिच्या जागी २५६ जीबीची साटा एसएसडी (चिपवर चालणारी वेगवान डिस्क) बसवा आणि तिच्यावर विंडोज नव्याने टाका. लॅपटॉप संथ असण्याचं मुख्य कारण बऱ्याचदा ती जुनी डिस्कच असते. नुसत्या फॉरमॅटने महिनाभर बरं वाटतं आणि पुन्हा तेच सुरू होतं. एसएसडीने भाच्याला खरोखर चालणारं मशीन मिळेल.

आणि काढलेली जुनी डिस्क फेकायची नाही. तिच्यासाठी यूएसबीचं केसिंग मिळतं, त्यात ती बसवली की पोर्टेबल हार्ड डिस्क तयार. वडिलांच्या कामाची मूळ प्रत, फॉन्टसकट, जशी होती तशी त्यात राहील. पेनड्राइव्ह ही दुसरी प्रत. लेखनापुरती गूगल ड्राइव्हवर तिसरी. डिस्क दहा वर्षांहून जुनी आहे, तिच्या एकटीच्या भरवशावर राहू नका. ऐपत असेल तर एक नवी पोर्टेबल हार्ड डिस्क घेऊन तिच्यावरही सगळं उतरवा आणि ती बहिणीकडे पाठवा. दर सहा महिन्यांनी, गुढीपाडव्याला आणि दसऱ्याला म्हणा, सगळ्या डिस्क आणि पेनड्राइव्ह लावून दहा-वीस फाइली उघडून बघा. कोणी कुरकुरलं तर दुसऱ्यावरून लगेच नवी प्रत काढा.

केसिंगमध्ये डिस्क बसवून झाली की तिच्यावर कागदाची पट्टी चिकटवा आणि पेनाने लिहा: ‘बाबांचा लॅपटॉप, मूळ डिस्क, पुसू नये’. खाली तारीख घाला. वडिलांचं अक्षर चांगलं असेल तर त्यांच्याच हातून लिहून घ्या.